आईनं फेकलेलं सीताफळ

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एकच वाद होतो. कुठंतरी कुणीतरी एखाद्या पुढाऱ्यावर टोमॅटो नाहीतर अंडं फेकलेलं असतं, त्याचा व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलवर येतो आणि मधल्या सुट्टीत डबे उघडता उघडता दोन पक्ष पडतात. गणिताचे सर म्हणतात, फेकायलाच पाहिजे, त्याशिवाय या लोकांना ऐकू जात नाही. इतिहासाच्या बाई म्हणतात, विरोध जरूर करा, पण त्यासाठी अन्न कशाला नासायचं, आणि आज टोमॅटो फेकणारा उद्या दगड फेकणार नाही कशावरून. मग कुणीतरी माझ्याकडं वळतं. मी मराठी शिकवते आणि एरवी विचारलं नाही तरी मत देते, ही माझी ख्याती आहे.

"मॅडम, तुम्ही बोला की."

मी म्हणते, मला तास आहे. तास नसतो.

पूर्वी मी या वादात तावातावानं पडायचे. टोमॅटोनं आजवर कुणी मेलेलं नाही, उलट पुढाऱ्यांमुळे किती गेले ते मोजा, असं मीच एकदा टेबलावर हात आपटून म्हणाले होते. मग एका वर्षी, दिवाळीच्या आधी, माझ्या आईनं क्रांती चौकात एका पुढाऱ्याला सीताफळ फेकून मारलं. तेव्हापासून माझं तोंड बंद झालं. आई जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलंय. ती असती तर हे लिहिलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

आई दौलताबादच्या रस्त्याला फळं विकायची. किल्ल्याकडं जाणाऱ्या गाड्या जिथं हळू होतात, तिथं एक म्हातारी चिंच होती आणि तिच्या सावलीत सात-आठ जणी पाट्या मांडून बसत. नवरात्रापासून दिवाळीच्या पुढंपर्यंत सीताफळं, थंडीत जाम. शहरात त्याला पेरू म्हणतात, आणि मी शिकून शहाणी झाल्यावर घरीसुद्धा पेरू म्हणायला लागले तेव्हा आई हसायची. आमचं घराणं मेंढरं राखणारं. आजोबांच्या वेळी मोठा कळप होता, वडिलांच्या वेळी थोडी मेंढरं उरली आणि वडील गेल्यावर उरली ती चिंचेखालची पाटी. मी शिकले, नोकरीला लागले, संभाजीनगरात फ्लॅट घेतला. आईला म्हटलं, आता बस कर. ती म्हणाली, "बसलेलीच तर आसती दिवसभर, आनखी किती बसू?"

गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज खायचं का उद्या?" त्यावर ती फळ निवडायची. अंगठा फळावर नुसता टेकवायची. दाबला असं वाटायचंही नाही, पण तिला आतलं कळायचं. हे उद्या दुपारी, हे परवा, हे आत्ता खा. यात ती चुकल्याचं मला आठवत नाही. जो तिथंच उभा राहून खाईल त्याच्यासमोर ती आपला तळहात धरायची, बिया टाकायला. बिया ती जपून ठेवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर डोंगराच्या उतारावर भिरकावून यायची. मला त्या हाताची किळस यायची. परक्या माणसाच्या तोंडातल्या बिया हातावर घेतेस, शोभतं का, असं मी शिक्षिका झाल्यावर तिला सुनावलंसुद्धा होतं. ती म्हणाली, "बीच तर हाय. त्याला काय झालं?"

आणि दुसरी तिची सवय म्हणजे अन्नाला पाय लागू द्यायचा नाही. भाकरीचा तुकडा खाली पडला की उचलायचा, कपाळाला लावायचा. हे आपल्याकडं घराघरांत करतात, पण आई रस्त्यातसुद्धा करायची. कणसाचा दाणा दिसला तरी ती वाहनं थांबवून उचलील अशी मला धास्ती असायची. लहानपणी मी एकदा अर्धा खाल्लेला जाम चेंडूसारखा लाथेनं उडवला होता. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग तो जाम धुळीतून शोधून आणायला लावला आणि मला त्याच्या पाया पडायला लावलं. सगळ्या बायका बघत होत्या. मी जामाच्या पाया पडले.

तर, निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्याची गाडी चिंचेखाली थांबली. कुठला पुढारी, कुठल्या पक्षाचा, हे सांगून उपयोग नाही. त्यानं आईच्या पाटीतली दोन सीताफळं उभ्यानं खाल्ली, तिच्या तळहातावर बिया टाकल्या आणि म्हणाला, "मावशी, निवडून आलो की पहिलं काम तुमचं. इथं शेड बांधून देतो, नळ देतो." आईनं ते खरं धरलं. भेटेल त्याला सांगायची. माणूस तोंडात घास असताना बोलला, म्हणजे खोटं कसं बोलेल, असा तिचा हिशेब होता.

तो निवडून आला. पुढच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, चिंच तोडली गेली आणि बायकांना नालीच्या कडेला सरकवलं गेलं. तिथं ना सावली ना पाणी, आणि गाड्याही थांबेनात. आई त्याच्या शहरातल्या ऑफिसात तीनदा गेली. तिन्ही वेळा पिशवीभर फळं घेऊन गेली, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं. बाहेरच्या टेबलावरची माणसं पिशवी आत न्यायची, तिला बसा म्हणायची आणि दुपारी सांगायची की साहेब बाहेरगावी गेले. तिसऱ्या वेळी तिला दाराआडच्या टोपलीत सालं दिसली. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं. मी म्हटलं, "तू कशाला खेटे घालतेस? मी रीतसर अर्ज लिहून देते."

तो अर्ज मी लिहिला नाही. सहामाही आली, मग पेपर तपासायचे होते, मग राहून गेला. हजार मुलांना मी अर्जलेखन शिकवलं असेल.

त्या दिवशी आई रक्तदाब दाखवायला माझ्याकडं आली होती. नेहमीप्रमाणं माझ्यासाठी सीताफळांची पिशवी होतीच. दवाखान्यात जायला आम्ही रिक्षा केली, पण क्रांती चौकात सगळं अडलेलं होतं. मंडप, भोंगे, रस्त्यावर अंथरलेलं लाल कापड. रिक्षावाला म्हणाला, "आगे नहीं जाती मॅडम, पैदल निकल जाओ." आम्ही उतरलो आणि गर्दीच्या कडेनं चालायला लागलो. माइकवर तोच पुढारी बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. आई मात्र एकदम थांबली.

तो म्हणत होता, दौलताबादच्या रस्त्यावरच्या माझ्या फळविक्रेत्या माय-बहिणी कालपर्यंत उन्हात बसत होत्या, आज त्या मी दिलेल्या हक्काच्या शेडमध्ये बसतात, नळाचं पाणी पितात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हनला त्यो?" आईनं विचारलं.

"भाषण आहे आई. चल."

"शेड दिली म्हनला?"

"दवाखाना बंद होईल. चल ना."

तिनं पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये खाली ठेवली आणि आत हात घातला. हात बराच वेळ आतच होता. मला वाटलं रुमाल शोधते आहे. तेवढ्यात भाषण संपलं, तो पायऱ्या उतरून हारतुऱ्यांमधून आमच्या बाजूनं यायला लागला आणि आईचा हात वर गेला. लहानपणापासून मेंढरं वळवायला खडे मारलेला तो हात. सीताफळ त्याच्या खांद्यावर फुटलं. पांढऱ्या शर्टावर पांढरा गर, त्यात काळ्या बिया, आणि बाकीचं फळ खाली त्या लाल कापडावर पडलं.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मागं कुणीतरी हसलं. त्याच्यासोबतची माणसं धावली ती पलीकडं, कॉलेजची पोरं उभी होती तिकडं. नऊवारीतल्या म्हातारीकडं कुणाचं लक्ष जाणार? मी आईचं मनगट धरलं आणि ओढत म्हटलं, "चल लवकर." दहा पावलं टाकली असती तर आम्ही गर्दीत मिसळलो असतो आणि आयुष्यभर ती गोष्ट घरात हसत सांगितली असती.

पण ते फळ खाली पडलं होतं आणि लोक त्याच्यावरून चालत होते.

आईनं हात सोडवून घेतला. गर्दीत शिरली आणि वाकून म्हणायला लागली, "सरका जरा. पाय नका देऊ. सरका." तिनं फुटलेल्या फळाचे तुकडे एकेक करून उचलले, कपाळाला लावले आणि पदरात घेतले. एकाच्या बुटाला गर लागला होता तोसुद्धा तिनं बोटानं पुसून घेतला. तेव्हा कुठं सगळे मोबाइल तिच्याकडं वळले आणि कुणीतरी ओरडलं की हीच ती बाई.

पोलीस ठाण्यात कुणी आम्हाला वाईट वागवलं नाही, हे सांगितलं पाहिजे. फौजदार तरुण होते. त्यांनी आईला बाकावर बसवलं, पाणी दिलं, मला खुर्ची दिली. मी कुठल्या शाळेत आहे ते विचारलं आणि लिहून घेतलं. ते लिहिताना मी बघत होते. माझ्या संस्थेचे अध्यक्ष त्या पुढाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले मी थोड्या वेळापूर्वीच पाहिले होते.

"आजी, का मारलं?" फौजदारांनी विचारलं.

"खोटं बोलला म्हनून," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं मारायला?"

"कोन सांगनार? त्याचं त्यानं सांगितलं ना माइकवर. शेड दिली म्हनला. कुठं दिली? चला दाखवते."

ती अगदी नीट बोलत होती. तीन खेपा, टोपलीतली सालं, चिंच कधी तोडली, सगळं ओळीनं सांगत होती. फौजदार लिहीत होते. तो कागद पुढं कुठं जाणार आणि त्यात माझ्या शाळेचं नाव आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिला मध्येच तोडलं.

"साहेब, तिचं डोकं ठिकाणावर नसतं. गोळ्या चालू आहेत."

आणि पर्समधून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी पट्टीवरचं नाव वाचलं नाही. पेन खाली ठेवलं. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. "मग मॅडम, आधी नाही का सांगायचं," ते म्हणाले आणि आईकडं वळून मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "आजी, गोळ्या घेता ना वेळेवर?"

आई माझ्याकडं बघत राहिली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती फौजदारांना म्हणाली, "ही म्हनती तर आसंल तसं."

तिच्या पदरात ते तुकडे तसेच होते.

दोन दिवसांनी पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला. साहेबांचं मन मोठं आहे, तक्रार करायची नाही असं त्यांनी ठरवलंय, फक्त माऊलीची भेट घ्यायची आहे. पत्रकार असतील. माऊलीनं साहेबांना एक घास भरवला की विषय संपला. मी हो म्हणाले. आईला विचारलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं. ती म्हणाली, "तू म्हनशील तसं. मला काय कळतंय?"

सीताफळं त्यांनीच आणली होती, बाजारातली मोठी, गुळगुळीत. आईनं एक हातात घेतलं आणि खालच्या आवाजात मला म्हणाली, "हे आपल्याकडचं नाय." मी म्हटलं, "असू दे." तिनं ते फोडून त्याला भरवलं. कॅमेरे लागले. त्यानं खाल्लं, हसला, आणि मग तोंडातल्या बिया कुठं टाकाव्यात ते त्याला कळेना. आईचा हात सवयीनं पुढं झाला. त्यानं तिच्या तळहातावर बिया टाकल्या, तोच फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं की मनोरुग्ण वृद्धेला नेत्यानं मोठ्या मनानं माफ केलं.

ज्या हाताला मी इतकी वर्षं नाक मुरडत होते, त्या हाताची मला त्या दिवशी पहिल्यांदा दया आली. आणि त्या हातावर बिया टाकणाऱ्याला तिथंवर आणणारी मीच होते.

खरी गंमत पुढंच आहे, म्हणजे गंमत म्हणायची तर. चौकात कुणीतरी काढलेला तिचा व्हिडिओ इतका फिरला की महिन्याभरात नालीजवळ खरोखर शेड झाली. पत्र्याची, पण झाली. नळही आला, एक दिवसाआड का होईना. बाकीच्या बायका आईच्या घरी आल्या, मी तिथंच होते, माझ्यासमोर तिच्या पाया पडल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं. चला, तुमची जागा मधोमध ठिवली हाय." स्टाफरूममधल्या वादाचं उत्तर तिथं त्या पत्र्यांखाली उभं आहे, गणिताच्या सरांनी जाऊन बघावं. माझ्या आईनं फेकलं ते बरोबर होतं. मी हे आता कुणालाही सांगीन, पण तेव्हा जिथं सांगायला पाहिजे होतं तिथं मी गोळ्या दाखवल्या.

आई त्या शेडमध्ये एक दिवससुद्धा बसली नाही. बायकांना म्हणाली, "येडीच्या हातचं कोन घेईल? तुमच्या धंद्याला कामून नाट लावू?" त्यांनी खूप समजावलं. त्या गेल्यावर मीही समजावलं, पण माझ्या बोलण्यात काय जोर असणार.

ती माझ्याकडं राहायला आली. मला तेच हवं होतं, इतकी वर्षं मी तेच म्हणत होते. पण जी आई आली ती विचारून वागणारी होती. भाजीत मीठ किती घालू, विचारायची. दार उघडू का, विचारायची. शेजारच्या बाई गप्पा मारायला आल्या की आत जाऊन बसायची. मी म्हणायचे, "अगं, प्रत्येक गोष्ट काय विचारतेस?" ती म्हणायची, "इचारलेलं बरं." टोमणा म्हणून म्हणाली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. टोमणे मारायची तिला कधी सवयच नव्हती. दोन वर्षं हे चाललं. माफी मागायला मी कितीदा तरी तिच्याजवळ जाऊन बसले आणि दरवेळी काहीतरी दुसरंच बोलून उठले. कधी तिचे पाय दुखतात का विचारलं, कधी नखं कापून दिली.

शेवटच्या दिवाळीच्या आधी मी दौलताबादला जाऊन त्या शेडमधून सीताफळं आणली. डोंगरावरची, लहान, तिच्या ओळखीची. ती गॅलरीत बसली होती. मी पिशवी समोर ठेवली. बरेच दिवसांनी तिनं न विचारता पिशवीत हात घातला. एकेका फळावर अंगठा टेकवत राहिली. हात आतच होता आणि मला क्रांती चौक आठवला. रुमाल शोधते आहे असं मला वाटलं होतं तो वेळ.

"त्या दिवशीबी आसंच बघितलं होतं," ती म्हणाली. आपण होऊन तिनं तो विषय पहिल्यांदाच काढला होता. "पिशवीत समदी कच्चीच होती, तुला चार दिवस पुरावी म्हनून आनलेली. हाताला कच्चंच येत होतं. दगडावानी. त्याला लागलं आसतं, डोळा-बिळा गेला आसता. म्हनून खालपर्यंत चाचपून पिकलेलं काढलं. एकच होतं."

मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते.

"डोकं ठिकानावर नसलेल्या बाईला एवढं सुचलं आसतं का? तूच सांग, शिकलेली हायेस."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. दोन वर्षं तिनं तो प्रश्न स्वतःलाच विचारला असावा आणि तिला उत्तराची खात्री वाटेनाशी झाली असावी. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी नेमकं काय केलं होतं.

"नसतं सुचलं," मी म्हणाले. "तू शहाणी होतीस आई. मी घाबरले होते."

तिनं मान हलवली. हातातलं फळ फोडून अर्धं मला दिलं, अर्धं तिनं घेतलं. आम्ही खात बसलो. ते आत्ता खायचं फळ होतं, बरोबर निवडलेलं. थोड्या वेळानं तिनं सवयीनं आपला तळहात माझ्या तोंडासमोर धरला.

माझ्या तोंडात चार-पाच बिया होत्या. पेपरातल्या फोटोतल्या त्या हातावर टाकायला माझं तोंड उघडेना. मी त्या गिळल्या. ती हात तसाच धरून वाट बघत राहिली.